खेरौलीची तुळई

जुन्या देवळांच्या खात्यात नोकरी केली असं सांगितलं की लोक लगेच विचारतात, कोणता देव, किती जुना, आणि खाली काही धन निघालं का. मी नक्शानवीस, म्हणजे नकाशे काढणारा होतो. माझ्या नोकरीचा मोठा भाग जमिनीवर पालथा पडून, एका हातात फितीचं टोक आणि दुसऱ्या हातात पेन्सिल धरून गेला. देव माझ्या वाट्याला आला तो लांबी, रुंदी, उंची या क्रमानं.

काम तसं सरळ असतं. देवळाच्या मधोमध दोरी ताणायची, तिच्यापासून प्रत्येक खांब, प्रत्येक कोपरा मोजायचा, ओळंबा सोडून भिंत किती झुकली ते बघायचं आणि सगळं कागदावर उतरवायचं. मग आतल्या वस्तूंची यादी. घंटा, समया, दगडी कुंडी, दरवाजे. नकाशात आपल्याला काय वाटतं ते काढायचं नसतं, जे आहे तेच काढायचं असतं. हे वाक्य मला आमचे हेड नक्शानवीस पळसुलेसाहेब रोज एकदा ऐकवत. ते मी पाळलं असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

गिऱ्हाइकं आम्हालाही असत. शहराच्या लष्कर भागातले एक वयस्कर गृहस्थ दर महिन्याला वंशावळ घेऊन येत आणि अमुक देऊळ आपल्या पूर्वजांनी बांधलं असं लिहून मागत. ते दख्खनमधून आलेले, देऊळ त्याच्या सात-आठशे वर्षं आधीचं. पळसुलेसाहेब त्यांना चहा पाजत आणि म्हणत, "तुमच्या पूर्वजांनी पाडलं नाही, एवढं मी नक्की लिहून देतो."

मी सांगणार आहे ती गोष्ट आमचं संस्थान विलीन होऊन मध्यभारत हे नवं राज्य झालं त्या दिवसांतली. ऑफिसात जुन्या कागदांवरचं राजचिन्ह शाईनं खोडून तेच कागद वापरणं चालू होतं. कोणाची बदली इंदूरला, कोणाची खुर्चीच रद्द. माझे वडील आणि आजोबा फौजेत होते. फौज गेल्यापासून माझी नोकरी टिकेल का, हे आई रोज विचारी.

एका सकाळी पळसुलेसाहेबांनी मला बोलावलं. "जाधव, नव्या सरकारकडे देवळांची यादी जाते आहे. ज्याचा नकाशा तयार, तेच यादीत. खेरौलीचा नाही. तू आजच निघ."

"एवढी घाई?"

"तिथून सडक चालली आहे. नव्या इंजिनिअरनं देऊळ पाहिलं आणि शेरा मारला, धोकादायक आहे, गिराया जाए. दगड पुलाला लागतील म्हणे. शिवरात्रीला तिथं जत्रा असते, त्याच्या आधी पाडायचं म्हणतोय. सहा दिवस आहेत तुझ्याजवळ."

पडावावरच्या स्टँडवरून बस पकडली. बरोबर मोजणीतला मदतनीस, आमचा खलाशी हल्के होता. पन्नाशी उलटलेला, मितभाषी, फीत धरायला त्याच्यासारखा माणूस पुन्हा मिळाला नाही. बसनंतर बैलगाडी, आणि दुपारी खिरणीच्या झाडांच्या घेऱ्यात ते देऊळ दिसलं.

लहानसं, बुटकं, जाड भिंतींचं. बाहेरून इतकं साधं की माहीत नसलेला माणूस धान्याचं कोठार समजेल. आत गेलं की डोळे अंधाराला सरावेपर्यंत काही कळत नसे, आणि मग गर्भगृहाची चौकट हळूहळू दिसू लागे. गंगा, यमुना, वेलबुट्टी, वर ओळीनं नवग्रह, सगळ्यांवर चुन्याचे इतके थर की चेहरे पिठात बुडवल्यासारखे. पुढं मंडप, त्याला चार मोठे चौरस खांब. मंडप आणि गर्भगृह यांच्या मध्ये एक नवल होतं, लाकडी जाळी. शिसवी चौकटीत बसवलेली, मोर, कमळं आणि चौकड्या कोरलेली, पिढ्यान् पिढ्या तेल पिऊन काळी झालेली. या मुलखातल्या दुसऱ्या कोणत्या देवळात मी अशी जाळी पाहिली नाही. बायका तिच्या बाहेर उभ्या राहून दर्शन घेत.

जाळीच्या बरोबर वर दोन खांबांवर टाकलेली दगडी तुळई होती. तिच्या मधोमध, खालून वर चढत गेलेला तडा होता. माझी करंगळी आत गेली नाही, पण पेन्सिल गेली.

"जे दरार तो मेरे ब्याह से पहले की है, लला," मागून आवाज आला.

ती बिट्टोबाई. देवळाच्या पुजाऱ्याची विधवा. नवरा गेल्यावर गावातल्या पुरुषांनी पूजा तिच्याकडून काढून घ्यायचा प्रयत्न केला होता, पण किल्ली तिच्या कमरेला होती आणि ती तिनं दिली नाही. साठीची, उंच, करड्या आवाजाची. मला तिनं पहिल्या दिवसापासून लला, म्हणजे बाळ, म्हटलं आणि मी तिला अम्मा.

तडा जुना असणं वाईट नसतं. शेकडो वर्षं जुने तडे अंगावर घेऊन देवळं उभी असतात. प्रश्न एकच असतो, तो हलतो आहे का. त्यासाठी आमच्याकडे एक सोपी युक्ती होती. काचेची पातळ पट्टी तड्याच्या दोन्ही बाजूंना प्लास्टरनं चिकटवायची. दगड केसभर जरी सरकला तरी काच तुटते. मी अशा दोन पट्ट्या लावल्या, शेजारी तारीख लिहिली आणि मोजमापाला लागलो.

दुसऱ्या दिवशी काचा शाबूत. तिसऱ्या दिवशीही. त्या दुपारी जीप आली आणि इंजिनिअर माथुर उतरले. माझ्याच वयाचे, उन्हानं करपलेले, बुटांवर गिट्टीची धूळ. मी भांडायच्या तयारीत होतो. आम्ही हिंदीत बोललो, इथं मराठीत सांगतो.

"हजार वर्षं उभं आहे हे," मी म्हणालो.

"मान्य आहे. पण जत्रेच्या दिवशी या तुळईखाली किती माणसं असतात?"

मी बिट्टोबाईकडे पाहिलं. ती म्हणाली, "पाँव धरने की जगह नहीं रहती."

माथुर माझ्याकडे वळले. "गेल्या वर्षी एका शाळेचा व्हरांडा पडला. ढिगारा मी उचलवला होता, जाधवजी. तुम्ही दगड बघता, मला खालची माणसं दिसतात."

मी काचा दाखवल्या. त्यांनी त्या जवळून पाहिल्या, बोटानं प्लास्टर चाचपलं आणि म्हणाले, "ठीक. जत्रेच्या सकाळपर्यंत काच टिकली तर मी शेरा मागे घेतो. तुटली तर जत्रा बंद आणि देऊळ खाली. कबूल?"

मी कबूल म्हटलं. फाइलवर दोघांनी सह्या केल्या. बिट्टोबाई सगळं ऐकत होती. त्या दिवसापासून ती पूजेला येताना आधी काचेकडे बघायची आणि मग पिंडीकडे.

चौथा दिवस गेला. नकाशा जवळजवळ पुरा झाला. पाचव्या दिवशी सकाळी मी मंडपात शिरलो आणि कंदील वर धरला. डावीकडची काच मधोमध तुटली होती. दोन तुकडे आपापल्या जागी चिकटलेले, मध्ये केसाएवढी रेघ.

हल्के विहिरीवर गेला होता. देवळात फक्त बिट्टोबाई. तिनंही पाहिलं होतं.

"तेरे पास दूसरो काँच है?" तिनं हळूच विचारलं.

होती. पेटीत सहा पट्ट्या होत्या.

"लगा दे, लला. कौन देख रओ है?"

आता इतक्या वर्षांनी लपवण्यात काय अर्थ. मी पेटी उघडली, काच काढली, वाटीत प्लास्टर भिजवलं. मनात हिशेब चालू होता. तडा एवढी वर्षं आहे, एक दिवस आणखी निघेल. थंडीनं तुटली असेल. चिकटवताना माझाच हात जोरात पडला असेल. देऊळ यादीत जाईल, पळसुलेसाहेब खूश होतील, माझी खुर्ची राहील. प्लास्टर घट्ट व्हायला लागलं होतं. मी जुनी काच खरवडायला म्हणून जाळीच्या वरच्या पट्टीवर हात टेकला, आणि तळव्याला काहीतरी खरखरीत लागलं.

दगडाचा भुगा होता. पांढरा, ताजा. आदल्या संध्याकाळी ती पट्टी मी स्वतः पुसली होती. मी बघत असतानाच वरून आणखी चार कण पडले.

मी वाटी खाली ठेवली.

"अम्मा, बाहर चलो."

"काँच लगा पहले."

"नहीं लगाऊँगा. ये गिरेगी. कल लोग नीचे होंगे."

तिनं माझ्याकडे जे पाहिलं ते आठवायला मला आजही आवडत नाही. मग ती गेली आणि बरोबर तुळईखाली, जाळीला पाठ टेकून, मांडी घालून बसली.

"अब बुला ले अपने साहब को. गिरा दो."

मी विनवण्या केल्या, आवाज चढवला, ओढून न्यायचाही विचार केला. पण धक्काबुक्कीची ती जागा नव्हती. डोक्यावर दीड-दोनशे मण दगड होता. शेवटी मी नकाशाची गुंडाळी घेतली आणि तिच्या शेजारी जाऊन बसलो. कण मधूनमधून केसांत पडत होते. मी कागद पसरला. प्रत्येक दगड वेगळा काढलेला, प्रत्येकाला आकडा. तिला वाचता येत नव्हतं, पण तिनं जाळीतले मोर लगेच ओळखले.

"हे देऊळ पुलात जाणार नाही," मी तिला तिच्या बोलीत सांगितलं. "मंडप आम्ही हातानं उतरवू. दगडावर हाच आकडा लिहू. आणि पुन्हा असाच रचू."

"कब?"

"एका वर्षात. माझा शब्द."

असा शब्द द्यायचा मला काडीचाही अधिकार नव्हता. तिनं बराच वेळ कागदावर हात फिरवला. मग म्हणाली, "पहले जाली निकाल. वो टूट गई तो दूसरी कोई नहीं बनाएगा."

तेवढ्यात हल्के आला. मी त्याला जाळीच्या पायथ्याच्या पाचरा काढायला सांगितलं. त्यानं हातोडीचा एक ठोका मारला आणि जाळी कण्हली. दुसरा शब्द मला सुचत नाही. सगळी चौकट वरपासून खालपर्यंत करकरली आणि वरून मूठभर भुगा पडला.

"रुक!" मी ओरडलो.

हल्केचा हात हवेत थांबला. मी चौकटीला कान लावला. लाकूड ताणलेल्या तारेसारखं घट्ट होतं. तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. पाच दिवस मी जाळीचे मोर मोजत होतो आणि ती जाळी कितीतरी काळापासून तुळई तोलून उभी होती. शोभेची वस्तू म्हणून मी तिला वस्तूंच्या यादीत घातलं होतं. हल्केनं आणखी दोन ठोके मारले असते तर आम्ही तिघंही तिथंच राहिलो असतो.

यावेळी बिट्टोबाई स्वतःहून उठली. पिंडीसमोरची समई उचलली आणि बाहेर आली. हल्केला मी दाराशी बसवलं, कोणालाही आत सोडू नकोस म्हणून सांगितलं, आणि माथुरांच्या सडकेच्या छावणीकडे पळालो. दोन कोसांचं अंतर होतं. वाटेत जत्रेला निघालेल्या गाड्या समोरून येत होत्या. बायका गात होत्या.

माथुर तंबूबाहेर उभे होते. मला बघून त्यांना कळलं असावं.

"तुटली," मी म्हणालो. "पण पाडायचं नाही. टेकू द्यायचा आहे. तुमच्याकडे रेल्वेचे लाकडी स्लीपर आहेत, बल्ल्या आहेत. मला माणसं द्या. आत्ता."

करारावर माझी सही होती. कागद त्यांच्या बाजूनं होता.

"काच तुम्हाला बदलता आली असती," ते म्हणाले.

"हो. प्लास्टर भिजवलं होतं."

त्यांनी टोपी घातली आणि मुकादमाला हाक मारली.

दुपारी दोनच्या सुमारास आम्ही आत शिरलो. माथुर, मी, हल्के आणि छावणीतले दोन गडी. बाहेर शे-दीडशे माणसं जमली होती आणि बिट्टोबाई दारात आडवी उभी राहून त्यांना थोपवत होती. सकाळी तुळईखाली अडून बसलेली बाई आता आमचाच पहारा करत होती. जाळीच्या दोन्ही अंगांना जाड बल्ल्या, म्हणजे लाकडी वासे, उभ्या करायच्या, त्यांच्यावर तुळईच्या पोटाशी स्लीपर आडवे घालायचे आणि खालून पाचरा मारून सगळं वर दाबत न्यायचं, असं काम होतं. तेही हलक्या ठोक्यांनी. प्रत्येक ठोक्यानंतर माथुर हात वर करत, आम्ही श्वास रोखून ऐकत असू, मग पुढचा ठोका. एका बाजूच्या बल्ल्या बसल्या. दुसऱ्या बाजूची शेवटची पाचर हल्के मारत होता. तो जवळजवळ आडवा झालेला होता, डोकं बल्लीला टेकलेलं.

बंदुकीचा बार झाल्यासारखा आवाज आला.

तुळई दोन बोटं खाली बसली. धुळीनं काही दिसेना. बाहेर किंकाळ्या. मी "हल्के, हल्के" म्हणून ओरडत होतो आणि माझाच आवाज मला ऐकू येत नव्हता. मग धुळीतून त्याचा नेहमीचा सपाट आवाज आला, "बाबूजी, पाचर बैठ गई."

तुळईचे दोन तुकडे झाले होते आणि दोन्ही स्लीपरवर टेकले होते. जाळीची वरची पट्टी फुटली होती, एक मोर गेला होता. बाकी सगळं उभं होतं. माथुर बाहेर येऊन खिरणीखाली बसले आणि त्यांना उलटी झाली. मी त्यांना पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी जत्रा झाडांखाली भरली. आत बाकी कोणी गेलं नाही. बिट्टोबाईनं पिंडीवरचं तीर्थ बाहेर आणून सगळ्यांना दिलं.

जाण्यापूर्वी माथुरांनी फाइल मागितली. 'गिराया जाए' यातला पहिला शब्द खोडून त्यांनी वर लिहिलं, 'उतारा'; म्हणजे पाडायचं नाही, उतरवायचं. एका शब्दानं ते देऊळ पुलात जायचं वाचलं. पुढच्या दोन महिन्यांत आम्ही मंडप उतरवला, प्रत्येक दगडावर गेरूनं आकडा घातला आणि खिरणीच्या झाडांखाली ओळीनं मांडून ठेवला. जाळी गर्भगृहात सुखरूप ठेवली.

मंजुरीची वाट बघण्यात काही वर्षं गेली आणि मग सरकार पुन्हा बदललं. मध्यभारतच उरला नाही, मोठा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली. फायली पेट्यांत भरल्या गेल्या. मंजुरीचा कागद कोणत्या पेटीत, कोणत्या शहरात, हे सांगणारं कोणी राहिलं नाही. पळसुलेसाहेब निवृत्त झाले, माथुरांची बदली बस्तरकडे झाली. मी अर्ज लिहीत राहिलो. नोकरीत मी एवढा हट्ट दुसऱ्या कशासाठी केला नाही.

दर शिवरात्रीला मी खेरौलीला जायचो. तोंड चुकवण्यापेक्षा दाखवणं मला सोपं वाटे. बिट्टोबाई वर्षाच्या शब्दाचा विषय कधी काढायची नाही. दगडांची ओळ मात्र दाखवायची. पावसानं गेरू धुपत असे, आणि दर दिवाळीला ती प्रत्येक आकडा पुन्हा गिरवत असे. आकडे म्हणजे काय ते तिला माहीत नव्हतं. ती फक्त आकार गिरवायची. काही आकडे वाकत वाकत भलतेच झाले होते, पण माझ्या नकाशाशी ताडून मला सगळे लावता आले.

एका वर्षाची अकरा झाली. शेवटी मंजुरी आली. जुन्या तुळईच्या तुकड्यांना आतून पोलादी गज घालून आम्ही मंडप पुन्हा चढवला. हल्के निवृत्त झाला होता, तरी आला. जाळी जागेवर बसली, यावेळी अंगावर काही भार नसलेली. मी दूर उभं राहून नकाशा आणि मंडप आलटून पालटून पाहिले. रेघेला रेघ जुळत होती. आयुष्यात इतका अभिमान मला क्वचित वाटला असेल.

बिट्टोबाईला खाटेवर घालून आणलं. दृष्टी जवळजवळ गेली होती. खाटेवरून उतरून ती चाचपत मंडपात आली, जाळीवर हात फिरवला आणि हसली. मग डावीकडच्या खांबापाशी जाऊन, कमरेएवढ्या उंचीवर, दगड चाचपू लागली. एकदा, दोनदा, पुन्हा.

"लला, दियो कहाँ धरूँ?"

मला कळेना. तिनं माझा हात धरून खांबावर ठेवला. इथं खळगा होता, ती म्हणाली. तिच्या सासूच्याही आधीपासून बायका तिथं पणती ठेवत आल्या होत्या. ठेवून ठेवून दगड वाटीसारखा झिजला होता.

मी नकाशा काढला. खांबाच्या चारही बाजू नीट काढल्या होत्या. खळगा कुठंच नव्हता. आणि मग आठवलं. तो मी पाहिला होता. नंतरची झीज, मूळ रचनेचा भाग नाही, असं ठरवून मी तो गाळला होता. जे आहे तेच काढायचं, हे ऐकून ऐकून पाठ झालेलं असताना. चौरस खांबाच्या चारही बाजू सारख्या, म्हणून चढवताना तो फिरला होता. खळगा आता मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून होता. वर तुळई बसली होती. खांब फिरवणं शक्य नव्हतं.

मी तिला सांगितलं. चूक माझी आहे, हेही सांगितलं. तिनं खांबाला मिठी मारल्यासारखा हात मागं नेला, खळगा सापडला, आणि पेटलेली पणती तिनं तिथं ठेवली.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. ती गेली, पण गावातल्या बायका अजून पणती तशीच मागं हात नेऊन ठेवतात. दारातून दिवा दिसत नाही, मागच्या भिंतीवर फक्त उजेड पसरलेला दिसतो. मध्यंतरी एका अभ्यासकांनी या प्रकाशयोजनेवर लेख लिहिला. दिवा लपवून उजेड दाखवण्याची ही कल्पना त्या प्राचीन कारागिरांची प्रतिभा दाखवते, असं त्यांचं म्हणणं आहे. त्यांना पत्र लिहायला मी दोनदा बसलो आणि दोनदा उठलो. म्हणून इथं लिहितो आहे. ती योजना प्राचीन नाही. ती माझी चूक आहे.